चार नंबर कुणाचाच नाही

माणसं वाळवंटात एकांतासाठी जातात आणि तिथे पोचल्यावर पहिलं काम करतात ते एकमेकांना हाका मारण्याचं. पोचलात का, कुठे आहात, आम्ही मोठ्या टेकाडाच्या उजवीकडे आहोत. वाळूच्या टेकाडाला उजवी-डावी नसते, पण हे कळायला एकदा हरवावं लागतं. कतारच्या दक्षिणेला, सीलाइनच्या पुढे पार उदैदच्या खाडीपर्यंत जी वाळू पसरली आहे, तिच्यात थंडीच्या मोसमात दर शुक्रवारी इतक्या हाका उठतात, की त्या डोळ्यांना दिसत असत्या तर आभाळ झाकोळलं असतं. या हाकांची आपसात टक्कर होऊ नये म्हणून कोणत्या गटाने रेडिओच्या कोणत्या नंबरवर बोलावं, हे ठरवून देणारा एक माणूस होता. वली हुर्जूक, राहणार अल खोर, मूळ गाव दाभोळ. या कामाला पगार नव्हता. अपमान मात्र वेळच्या वेळी मिळत असे.

सगळे त्यांना वलीभाई म्हणत. दिवसभर एका कंत्राटदार कंपनीत वायरलेसचे संच दुरुस्त करायचे आणि उरलेल्या वेळात हे नंबरवाटप. हौशी रेडिओचा कारभार तसा सरळ आहे. परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, धंद्याचं बोलायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत आणि दुसरा बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. प्रत्येक गटात परवानावाला एक तरी असे. बाकीचे त्याच्या देखरेखीखाली बोलत. गट मात्र दरसाल वाढत होते. वाळूवरून गाड्या उडवणारे होते, जाड टायरच्या सायकली हाकणारे होते, तारे बघणारे होते, आणि इतक्या लांब येऊन तंबूत बसून ब्राझीलच्या माणसाला तिकडचं हवापाणी विचारणारेही होते. नंबर होते नऊ. जमिनीच्या भांडणात निदान बांध दाखवता येतो. इथे वाटून घ्यायची चीज दिसतच नव्हती, त्यामुळे आपल्या वाट्याला कमी आली अशी प्रत्येकाची खात्री होती. तारेवाल्यांची तक्रार, की शेजारच्या नंबरावरून गाडीवाल्यांचा आरडाओरडा झिरपतो. गाडीवाल्यांचं म्हणणं, तारेवाले तासन् तास काही बोलतच नाहीत, मग त्यांना अख्खा नंबर कशाला? वलीभाई सगळ्यांचं ऐकून घेत, "बघतो" म्हणत आणि काहीही बदलत नसत. समन्वय या शब्दाचा त्यांना अनुभवाने कळलेला अर्थ एवढाच होता.

नऊपैकी आठ नंबर वाटलेले. चार नंबर रिकामा.

चार नंबर कुणाचाच नाही, हा वलीभाईंनी स्वतः घातलेला एकमेव नियम, आणि त्या नंबरावरच सगळ्यांचा डोळा. आपल्या नंबरावर हाक मारून कुणी ओ दिली नाही, काही विपरीत घडलं, तर चारवर या. तिथे कुणी बोलत नसतं आणि मी ऐकत असतो. हे ते प्रत्येक नव्या माणसाला शिकवत आणि शिकवल्याप्रमाणे वागतही. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज मसईदला पढायची, तिथून गाडी वाळूत घालायची, आणि जिथे फोनची रेंजही मिळते आणि रेडिओचा आवाजही चारी बाजूंनी येतो अशा एका उंचवट्यावर सूर्य बुडेपर्यंत ठाण मांडायचं. बरोबर लांब एरियल, दोन घडीच्या खुर्च्या, थर्मास आणि बायको. मोसमात कधीमधी चारवर कुणी येई. बहुतेकदा कुणाचं पेट्रोल संपलेलं असे. एका सद्गृहस्थांनी मॅचचा स्कोअर विचारला होता.

हे खूळ त्यांनी समुद्रावरून आणलं होतं. तरुणपणी ते मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. त्या काळी जहाजाच्या रेडिओच्या खोलीतल्या घड्याळावर लाल रंगाच्या दोन फाका रंगवलेल्या असत. दर अर्ध्या तासाला काटा त्या फाकेत शिरला की तीन मिनिटं जगातल्या यच्चयावत जहाजांनी गप्प बसायचं आणि फक्त ऐकायचं, कुणी बुडत असेल तर त्याचा क्षीण आवाज यावा म्हणून. कप्तान ओरडत असो की मालकाची तार अडकलेली असो, तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं. वलीभाईंना त्या नोकरीत सगळ्यात आवडलेलं काम हेच होतं. पुढे उपग्रह आले, बुडणाऱ्यांची सोय परस्पर होऊ लागली, आणि जहाजांवरून रेडिओवाले उतरवण्यात आले. वलीभाई उतरले ते कतारला.

त्यांची बायको सितारा चार नंबराला "तुमची सवत" म्हणे. "सवत असती तर तोंडानं कायतरी बोलली तरी असती," हे तिचं पुढचं वाक्य. तरीही ती दर शुक्रवारी बरोबर येई, खुर्चीत बसून पिस्ते सोली आणि रेडिओच्या खरखरीकडे, शेजारीण बडबडते तिच्याकडे द्यावं तितपत लक्ष देई.

यंदा वलीभाईंना साठ वर्षं पूर्ण होत होती. मार्चअखेर नोकरी संपणार, नोकरी संपली की राहण्याचा परवाना संपणार, आणि मग दाभोळ. त्यांना आता दोनच गोष्टी हव्या होत्या. एक, झोप. दुसरी, आपल्यामागेही चार नंबर रिकामा राहावा. हे ठरणार होतं फेब्रुवारीतल्या वार्षिक बैठकीत. वलीभाईंची जागा घ्यायला कुणी तयार नव्हतं. चार नंबर घ्यायला सगळे तयार होते. इतक्या वर्षांत इथे काय उभं केलंत, असं कुणी विचारलं असतं तर दाखवायला त्यांच्यापाशी ती एक मोकळी जागा होती, आणि तीही डोळ्यांना दिसणारी नव्हती.

बैठकीच्या आधीच्या पंधरवड्यात मराठी मंडळाची मागणी आली.

मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ क्षेमकल्याणी, नाशिकचे, रास लफानला गॅसच्या कामावर इंजिनीअर. दोन माणसांशी बोलतानाही समोर माइक असल्यासारखे बोलत. मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून चाळीस गाड्यांचा ताफा वाळवंटात न्यायचा घाट त्यांनी घातला होता. मंडळाला दिलेल्या सात नंबरावर शेजारची खरखर येते, समारंभाचा विचका होईल, सबब त्या शुक्रवारपुरता चार नंबर द्यावा. वलीभाई "बघतो" म्हणाले. राजाभाऊंनी पुन्हा फोन केला, ते पुन्हा "बघतो" म्हणाले. तिसऱ्या खेपेला राजाभाऊंनी तत्त्वाचा मुद्दा काढला: वापरात नसलेली गोष्ट राखून ठेवणं हा राष्ट्रीय अपव्यय आहे. कोणत्या राष्ट्राचा, ते त्यांनी सांगितलं नाही. वलीभाईंनी त्यालाही दाद दिली नाही.

मग शशिकलावहिनींचा फोन आला. राजाभाऊंच्या या पत्नीने दोन वर्षांपूर्वी, सितारा ऑपरेशन होऊन पडली होती तेव्हा, महिनाभर रोज डबा आणला होता. मुगाच्या खिचडीला सितारा कंटाळली आहे हे तिच्या तोंडाकडे बघून ओळखलं, आणि स्वतः मासळीला हात न लावणाऱ्या या बाईने शेजारच्या गोवेकरणीकडून सुरमईचं कालवण करवून, डबा हातभर लांब धरून, तीन मजले चढून पोचवलं होतं. त्यांनी तत्त्वाबित्त्वाचं काही काढलं नाही.

"वलीभाई, एक शुक्रवार हो," त्या म्हणाल्या. "रिकामाच तर असतो."

आणि इतकी वर्षं सगळ्या दुनियेला "बघतो" म्हणणारे वलीभाई म्हणाले, "घ्या, वहिनी."

फोन ठेवल्यावर त्यांनी स्वतःची समजूत घातली. चारवर एरवी आपण एकटे ऐकतो, त्या दिवशी चाळीस गाड्या ऐकतील. कुणाला काही झालंच तर उलट बरंच. मंडळातला परवानावाला अभिजित, त्याला त्यांनी दर दोन बोलण्यांमध्ये श्वासभर थांबायला बजावलं, कुणाची हाक असेल तर तिला शिरायला फट हवी. तो "हो काका, डोन्ट वरी" म्हणाला. सगळ्या गटांच्या व्हॉट्सॲपवर सूचनाही टाकली, की या शुक्रवारी चार नंबर मंडळाकडे आहे. ती सूचना गुरुवारी संध्याकाळी पडली आणि शुक्रवार उजाडेपर्यंत जुम्मा मुबारकच्या गुलाबांखाली गाडली गेली.

शुक्रवारी नेहमीप्रमाणे उंचवट्यावर गाडी लागली. वलीभाईंनी सवयीने चार नंबर लावला आणि ऐकण्यासारखं काही नाही हे ध्यानात येऊन आवाज बारीक केला. हवा चांगली होती. सिताराने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी काढली. चारवर आधी ताफ्याची हाकाटी चालली होती: कोण पुढे, कोण मागे, कुणाच्या गाडीत चकल्या राहिल्या. मग अंताक्षरी सुरू झाली.

हौशी रेडिओवर संगीत वाजवायला बंदी आहे. भसाड्या गळ्याने म्हटलेलं गाणं संगीतात मोडतं का, याबद्दल नियमात स्पष्टता नाही, आणि त्या दिवशीची गाणी ऐकून कुठल्याही अधिकाऱ्याने संशयाचा फायदा दिला असता. ताफ्याचे दोन संघ पाडले होते, अजिंठा आणि वेरूळ. एका गाडीतून गाणं संपलं की दुसऱ्या संघातल्या गाडीने तत्काळ बटण दाबून पुढचं सुरू करायचं. अंताक्षरीत गप्प बसणं म्हणजे हरणं, आणि मराठी माणसाला एरवी हरण्याचं काही वाटत नसलं तरी अंताक्षरीत वाटतं. अडलंच कुठे तर शशिकलावहिनी आकडे मोजत. त्यांना गाता येत नसल्यामुळे पंच त्या कायमच्या. म्हणजे दोन गाण्यांमध्ये जी काही फट पडायची, तीही त्यांच्या एक, दोन, तीनने बुजत होती. अभिजितचा श्वास कुणाच्या लक्षात राहिला नव्हता, बहुधा अभिजितच्याही.

सितारा मजेत ऐकत होती. वलीभाई भाकरीचा तुकडा मोडत होते. अवघड अक्षर आलं, वहिनींनी मोजायला सुरुवात केली, आणि सिताराने पिस्ते बाजूला ठेवले.

"अवो," ती म्हणाली, "कोन तरी दार ठोकतंय."

"कुठलं दार?"

"ह्यात. वहिनी दोन बोलल्या नि तीन बोलल्या, त्याच्या मधी. टक टक. मगाधरनं चाललंय. मला वाटलं, त्यांचाच कायतरी खेल हाय."

वलीभाईंनी आवाज मोठा केला. एक अख्खं गाणं वेरूळने म्हटलं, अजिंठ्याने लगेच पुढचं उचललं, आणि मधल्या जेमतेम पापणी लवण्याइतक्या फटीत त्यांना ते ऐकू आलं. कुणीतरी बटण दाबत होतं आणि लगेच सोडत होतं. बोलायला तोंड उघडावं आणि समोरच्याचं चालू आहे हे बघून मिटावं, तसं. शिकवलेल्या माणसाची ती खूण होती. न शिकवलेला सरळ ओरडला असता.

हातातली भाकरी ताटात पडली. त्यांनी माइक उचलून नियमाप्रमाणे इंग्रजीत मधे येण्याचा इशारा दिला. गाणाऱ्याचं बटण दाबलेलं असलं की त्याला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही. गाणारा गात राहिला. दुसऱ्यांदा दिला, तोवर पुढचा सुरू झाला होता. हवेत इंग्रजी सोडून दुसरी भाषा बोलायची नाही, हा नियम दुसरं कुणी पाळो न पाळो, वलीभाईंनी इतकी वर्षं पाळला होता. तिसऱ्या फटीत ते दाभोळच्या बंदरावर पडावातून ओरडावं तसे ओरडले.

"गप बसा सगली!"

चाळीस गाड्या गप्प झाल्या. मग त्या शांततेतून एका बाईचा आवाज आला, बारीक आणि अतिशय सभ्य. मध्ये बोलल्याबद्दल ती आधी माफी मागत होती.

ती मारिसेल होती. फिलिपिनो, अल खोरच्या एका दवाखान्यात नर्स, सायकलवाल्यांच्या गटातली. मागच्याच मोसमात वलीभाईंनी तिला परीक्षेसाठी शिकवलं होतं. तिचा सोबती डॅनिलो टणक खडकाळ जागी सायकलवरून उडून पडला होता. मांडीचं हाड मोडलं होतं, मांडी सुजत चालली होती, आणि याचा अर्थ काय ते नर्सला कुणी सांगायची गरज नव्हती. दोघं खोलगट जागेत होते, फोनला एकही दांडी नाही, बाकीचे सायकलवाले टप्प्याबाहेर निघून गेलेले, त्यांच्या दोन नंबरावर कुणाची ओ नाही. टेकाडावर चढून जायचं तर डॅनिलोला एकटं टाकावं लागलं असतं. म्हणून ती चारवर आली होती.

पुढचं सगळं नीट झालं. वलीभाईंनी तिच्याकडून ठिकाण घेतलं, एका हाताने फोनवर आणीबाणीचा नऊशे नव्व्याण्णव लावला, दुसऱ्या हाताने मंडळाच्या सगळ्यात जवळच्या गाड्यांना वाट सांगितली. राजाभाऊंचा ताफा हेलिकॉप्टरच्या आधी पोचला, आणि तिथे मंडळ खरंच कामी आलं. समारंभासाठी आणलेलं मांडवाचं कापड चौघांनी चार कोपऱ्यांना धरून डॅनिलोवर सावली केली. एका कोपऱ्याला राजाभाऊ स्वतः होते, घामाघूम झाले तरी त्यांनी कोपरा सोडला नाही. शशिकलावहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. हेलिकॉप्टर त्याला घेऊन गेलं. मांडीत सळई घातली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं.

दोन दिवसांत ही गोष्ट सगळ्यांच्या फोनवर फिरू लागली: अंताक्षरीने वाचवला प्राण. फोटोत मांडव, राजाभाऊ आणि हेलिकॉप्टर एकाच चौकटीत आले होते. द पर्ल या श्रीमंती वस्तीतल्या एका हॉटेलात मंडळाचा सत्कार करायचं कुणाच्या तरी मनात आलं. वलीभाईंचा उल्लेख "स्थानिक रेडिओ समन्वयकांच्या सहकार्याने" असा होता, आणि तो त्यांना पुरेसा वाटला.

बैठकीच्या आदल्या दिवशी मारिसेल त्यांच्या घरी आली, डॅनिलोच्या बायकोने भाजलेले गोड पाव घेऊन. आभार मानून झाले, चहा झाला, तरी ती उठेना. मग तिने विचारलं, की तिचं काही चुकलं का. डॉक्टर उशिराचं बोलले होते. वलीभाईंनी विचारलं, चारवर येऊन किती वेळ झाला होता. तिने घड्याळ पाहिलं नव्हतं, तिचा एक हात डॅनिलोच्या मांडीवर होता. पण गाणी मोजली होती. दहा, कदाचित जास्तच.

"मध्ये का नाही बोललीस?" वलीभाईंनी विचारलं.

"सर, तुम्हीच शिकवलं होतं. कुणी बोलत असेल तर थांबायचं." ती थोडी घुटमळली. "आणि चारवर कुणी नसतं म्हणाला होतात. मला ती भाषा कळत नाही. एक जण म्हणायचा, मग दुसरे म्हणायचे, मध्ये एक बाई जपमाळेसारखं मोजायची. शुक्रवार होता. मला वाटलं, तुमच्या लोकांची प्रार्थना चालली आहे. प्रार्थनेत कसं बोलायचं?"

सिताराला हसू आलं आणि तिने ते चहाच्या कपात दडवलं. वलीभाईंना आलं नाही. मारिसेल म्हणाली, की ती हे कुणाला सांगणार नाही. त्या लोकांनी पाणी दिलं, सावली धरली. त्यांना कशाला वाईट वाटायला लावायचं?

त्या रात्री जेवताना सितारा म्हणाली, की मारिसेल सांगणार नाही, तर तुम्हीही सांगू नका. पोरगा वाचला. वहिनी आपल्यासाठी काय कमी झिजल्यात? आणि आपल्याला जायचंच आहे महिन्याभरात. वलीभाईंना यातलं एकही वाक्य खोडता आलं नाही. ते नुसतेच दमलेले होते.

बैठक अल खोरमधल्या एका उपाहारगृहाच्या माडीवर भरली, करक चहाच्या वासात. अध्यक्षस्थानी उस्मान होते, तारेवाल्यांचे प्रमुख, सुदानी शिक्षक. ते इतकं सावकाश बोलत की भांडणाऱ्यांना झोप येई, म्हणून दरसाल त्यांनाच बसवत. आधी मंडळाचं अभिनंदन झालं. मग गाडीवाल्यांनी ठराव मांडला: चार नंबर कायमचा मराठी मंडळाकडे द्यावा. ते तिथे सतत बोलत राहतील, म्हणजे तिथे सतत कुणीतरी असेल. रिकाम्या नंबरावर हाक मारली असती तर ती एका माणसाने ऐकली असती, तोही आता चालला. राजाभाऊंनी उभं राहून ही जबाबदारी मंडळ नम्रपणे स्वीकारील असं सांगितलं. सगळं इतकं रास्त होतं की वलीभाईंना ओळखीचं वाटलं. याच शब्दांत त्यांनी त्या दिवशी फोन ठेवल्यावर स्वतःची समजूत घातली होती.

मारिसेल मागच्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसली होती. ती बोलणार नव्हती. उस्माननी विचारलं, कुणाला काही म्हणायचं आहे का, आणि सवयीने पाचेक क्षण थांबले.

वलीभाई उठले. त्यांना भाषणाची सवय नव्हती. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"मारिसेलने हाक मारली आणि लगेच ऐकू आली, असं तुम्हाला वाटतंय," ते म्हणाले. "ती दहा गाणी थांबली होती. एका हाताने माणसाचा पाय धरून. मध्ये बोलू नये हे तिला मी शिकवलं. चारवर कुणी नसतं हेही मीच शिकवलं. आणि मग चार नंबर मीच देऊन टाकला, कारण माझ्याने नाही म्हणवेना. चाळीस गाड्या होत्या म्हणून ऐकू आलं म्हणता. चाळीस गाड्या गात होत्या. ऐकू आलं ते माझ्या बायकोला. चूक त्यांची नाही, माझी आहे. पण ती तुम्ही कायमची करू नका."

जपमाळेचं त्यांनी सांगितलं नाही. लोक हसले असते, आणि मारिसेलने पुन्हा कधी तोंड उघडलं नसतं.

उस्माननी मारिसेलकडे पाहिलं. तिने मान खाली घालून हो म्हटलं. चार नंबर रिकामा ठेवायच्या बाजूने हात वर करायची वेळ आली तेव्हा सायकलवाल्यांचा हात सगळ्यात आधी वर गेला, तारेवाल्यांचा त्यामागून. गाडीवाल्यांनी आपलाच ठराव मागे घेतला. राजाभाऊ तटस्थ राहिले. चार नंबर रिकामा राहिला. त्यावर ऐकत कोण बसणार, या प्रश्नावर मात्र माडीवर इतकी शांतता झाली की खालच्या भट्टीतलं भांडं ऐकू आलं. दर शुक्रवार, अख्खा दिवस, आणि बहुतेकदा काहीच नाही. सगळे आपापल्या कपात बघत होते. अखेर मागच्या रांगेतून मारिसेलने, वर्गात परवानगी मागावी तसा, हात वर केला.

जिन्यात राजाभाऊंनी वलीभाईंना गाठलं. या वेळी समोर माइक नव्हता.

"वलीभाई, हे आपण आपसात बोलू शकलो असतो," ते म्हणाले.

"आपसातच बोललो होतो, राजाभाऊ. म्हणून तर चार नंबर दिला."

राजाभाऊ जिना उतरून गेले. द पर्लचा सत्कार पुढे ढकलल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. कारण हॉल उपलब्ध नाही असं होतं. शशिकलावहिनींचा सिताराला फोन आला नाही. आधी आठवड्यातून तीनदा येई. आता सकाळी फक्त फुलाचं चित्र येऊ लागलं, सुप्रभात लिहिलेलं. सितारा त्याला नेमाने फुलाचंच चित्र उलट पाठवी आणि नवऱ्याला काही म्हणत नसे. वलीभाईंना ती काही बोलली असती तर बरं वाटलं असतं.

बैठकीनंतरच्या शुक्रवारी उंचवट्यावर तीन खुर्च्या मांडल्या. मारिसेल रात्रपाळी करून थेट आली होती, तरी ताठ बसली होती. वलीभाईंनी तिला एरियल कसं उभं करायचं ते दाखवलं, फोनची रेंज कुठल्या कोपऱ्यात चांगली ते दाखवलं, आणि चार नंबर लावून दिला. रेडिओ खरखरला आणि गप्प झाला. मंडळ त्या आठवड्यात आलंच नव्हतं. लांब कुठेतरी गाडीवाले वाळू उधळत होते, पण ते त्यांच्या नंबरावर.

बऱ्याच वेळाने मारिसेलने विचारलं, "सर, आता मी काय करायचं?"

"हेच."

तिने मान हलवली आणि कान पुढे केला. वलीभाई थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले, सवयीने एकदा रेडिओकडेही बघितलं. मग त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि पाय लांब केले.

सूर्य कलल्यावर मारिसेलला काहीतरी विचारायचं होतं. तिने वळून तोंड उघडलं. सिताराने पिस्ते सोलता सोलता घोरणाऱ्या नवऱ्याकडे नजरेने दाखवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मारिसेलने प्रश्न गिळला आणि पुन्हा रेडिओकडे कान लावून बसली.